कोणीही रडणार नाही, याची हमी

सिनेमा बघताना मी रडतो, ही गोष्ट परवापर्यंत जगात दोनच माणसांना ठाऊक होती. एक मी आणि दुसरी माझी बायको. आता ती साधारण एकशे चाळीस माणसांना ठाऊक आहे, आणि त्यातले निम्मे जण जिन्यात भेटले की खिशातून रुमाल काढून मला दाखवतात. प्रत्येकाला थांबवून वेगळा खुलासा करत बसण्यापेक्षा एकदाच काय ती स्वतःची शोभा करून घ्यावी, म्हणून हे लिहितोय.

तर तो जुना संगीतमय चित्रपट. नाव सांगत नाही. एक वाद्यं दुरुस्त करणारा बाप असतो आणि त्याची गाणारी मुलगी. मुलगी हळूहळू मोठी गायिका होते आणि बाप हळूहळू ठार बहिरा होतो. बाप ते मुलीपासून लपवतो, आणि आपल्याला ते कळलंय हे मुलगी बापापासून लपवते. एवढीच गोष्ट. पण ती तीन तास दहा मिनिटं चालते, कारण मध्ये चौदा गाणी आहेत आणि दोघंही लपवण्यात फार हुशार आहेत.

या चौदातल्या एका गाण्यात आमच्या ताईचा आवाज आहे.

नायिकेचा नव्हे. मागे तीन मुली अकरा सेकंदांचा आलाप घेतात, त्यांतली एक आमची ताई. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. एकाच माइकसमोर तिघी दाटीवाटीने उभ्या, आणि व्हायोलिनवाल्यांपैकी कुणाला तरी सारखी शिंक येत होती म्हणून तो आलाप सतरा वेळा घ्यावा लागला, असं ती सांगते. पडद्यावर नाव आलं नाही. पुढे तिने आयुष्यभर टेलिफोनच्या ऑफिसात लोकांच्या जोडण्या जुळवल्या, नवऱ्याचं दुखणं काढलं, मुलीला मार्गी लावलं. पण ते अकरा सेकंद तिने नीट घडी घालून जपून ठेवले.

गेल्या वर्षी ती आमच्याच वसाहतीत, समोरच्या इमारतीत राहायला आली. संध्याकाळी खाली बाकावर सगळी पिकली पानं बसतात, तिथे ती एकदा सहज म्हणाली, "त्या सिनेमात मी गायलेय." त्यावर तळमजल्यावरचे निवृत्त मुख्याध्यापक हसले. मोठ्याने नाही. शाळेत उशिरा आलेला मुलगा कारण सांगू लागला की हसतात, तसे.

"हो का?" ते म्हणाले. "अहो बाई, त्या काळातल्या निम्म्या बायका त्या सिनेमात गायल्यात. आमच्या मावशीसुद्धा तेच सांगायच्या."

 दुसऱ्या दिवशी ताई बाकावर आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. पाचव्या दिवशी मी तिच्या घरी गेलो आणि भावाच्या रुबाबात म्हणालो, "ताई, पुढच्या रविवारी मी सभागृहात सगळ्यांना तो सिनेमा दाखवतो. बघू कोण हसतंय."

ताई मला अजून बारक्या म्हणते. माझं वजन नव्वद किलो आहे. "खरंच, बारक्या?" ती म्हणाली. "सगळ्यांना ऐकू जाईल असा? मोठ्या आवाजात?"

"एकदम मोठ्या," मी म्हणालो.

आता इथे एक कबुली द्यायला हवी. तो आलाप नेमका कोणत्या गाण्यात आहे, हे मला माहीत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग विचारायचं. बरोबर आहे. पण ते विचारायची वेळ पंचावन्न वर्षांपूर्वी होती. तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि ताई सांगत असताना माझं लक्ष दुसरीकडे होतं. त्यानंतर ती जेव्हा जेव्हा सांगू लागली तेव्हा तेव्हा मी "हो हो, माहितीये" म्हणून तिला थांबवलं. कचेरीत मी चौतीस वर्षं छाती फुगवून सांगितलं की त्या सिनेमात माझ्या बहिणीचा आवाज आहे. एवढं झाल्यावर "ताई, कुठल्या गाण्यात गं?" असं विचारायला तोंड हवं. मला ते नव्हतं. मी डोकं चालवलं. त्या सिनेमात सहलीचं एक गाणं आहे. वीस मुली टोपल्या घेऊन टेकडी उतरतात आणि सारख्या "आ आ" करतात. मागे मुली म्हणजे तेच गाणं. माझ्या मनाने प्रश्न निकालात काढला.

मग सभागृहाचा अर्ज.

आमच्या सभागृहाच्या अर्जात एक रकाना आहे: 'कार्यक्रमाचे स्वरूप – आनंदाचा / दुःखाचा. नको ते खोडावे.' दुःखाच्या कार्यक्रमाला सकाळी एक तास मिळतो, ध्वनिवर्धक मिळत नाही आणि खुर्च्या भिंतीला लावून ठेवाव्या लागतात. आनंदाच्या कार्यक्रमाला संध्याकाळी पाच ते आठ, ध्वनिवर्धकासह. मी 'दुःखाचा' खोडलं आणि अर्ज सरकवला. व्यवस्थापकांनी चष्मा कपाळावर नेला.

"सिनेमा कुठला?"

मी नाव सांगितलं.

"मग हे चुकीचं खोडलंत. त्यात म्हातारा बहिरा होतो."

"होतो. पण एकूण सिनेमा आनंदाचा आहे. चौदा गाणी आहेत."

"लोक रडणार का नाही?"

"थोडेसे."

"थोडेसे असा रकाना नाही." त्यांनी खण उघडून एक जाड फाइल काढली. "मागे एका वाढदिवसाला पाहुणे रडले. आनंदाचा म्हणून अर्ज, आणि आत हुंदके. वरपर्यंत तक्रार गेली. मला खुलासा द्यावा लागला. तेव्हापासून हमीपत्र घेतो."

हमीपत्र छापील होतं. 'सदर कार्यक्रमात कोणीही रडणार नाही, याची संपूर्ण जबाबदारी मी स्वखुशीने घेत आहे.' खाली सही. मी वजनमापं तपासण्याच्या खात्यात होतो. न वाचता सही करणाऱ्या दुकानदारांना मी हयातभर उपदेश केला आहे. हे मी नीट वाचलं आणि सही केली. ताईला 'एकदम मोठ्या आवाजात' असं सांगून बसलो होतो. ध्वनिवर्धक फक्त आनंदाच्या कार्यक्रमालाच होता.

ही बातमी बाकावर पोचली आणि सल्ले सुरू झाले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, नायिकेच्या वारलेल्या आईच्या फोटोचा प्रसंग काढा, त्यांच्या सुनेला सोसत नाही. औषधाच्या दुकानदाराने सांगितलं, बाप पहिल्यांदा पेटी वाजवतो आणि त्याला ऐकू येत नाही तो भाग रक्तदाबवाल्यांना वर्ज्य आहे. एक निवृत्त कंडक्टर म्हणाले, "सगळं काढा, मध्यंतर ठेवा." मुख्याध्यापक म्हणाले, "उगाच कापाकापी कशाला? शिस्तीत सांगा, रडायचं नाही म्हणून." तीस वर्षं त्यांनी ही सूचना लहान मुलांना दिली होती आणि ती पाळली जाते असा त्यांचा समज होता.

शेवटी मी कोपऱ्यावरच्या व्हिडिओवाल्याकडे गेलो. हा लोकांच्या लग्नांचं चित्रण जोडून देतो. त्याने माझी अडचण शांतपणे ऐकली.

"म्हणजे रडका भाग काढायचा," तो म्हणाला. "पण साहेब, रडका कुठला हे ठरवायचं कसं? मला कशालाच रडू येत नाही. वीस वर्षं मुलींच्या पाठवण्या जोडतोय. माझा नळ आटला."

 त्याने सिनेमा लावला आणि नवव्या मिनिटाला, मुलगी बापाला पहिलं गाणं ऐकवते तिथे, माझ्या नाकातून एक आवाज आला. व्हिडिओवाल्याने माझ्याकडे वळून पाहिलं. मग त्याने वही ओढली.

"साहेब, तुम्ही नुसते बसा," तो म्हणाला. "तुम्ही रडाल तिथे मी कापतो."

लाज वाटायला हवी होती. खरं सांगतो, मला बरं वाटलं. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांचे तराजू तपासले. आज मी स्वतः तराजू होतो. आणि काटा चांगला हलत होता. तो वहीत लिहीत गेला: 'मिनिट ३४, डोळे. मिनिट ५१, नाक. मिनिट ७०, डोळे व नाक.' निरोपाचं गाणं लागलं. त्यात बाप पुढच्या रांगेत बसून मुलीच्या ओठांकडे बघत असतो. ऐकू येत नाही म्हणून रंगमंचाच्या लाकडावर तळहात टेकवतो, आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्यावर एकटाच टाळ्या वाजवत राहतो. तिथे मी उशीत तोंड घातलं. व्हिडिओवाल्याने लिहिलं: 'मिनिट १८२, हमसून.' आणि माझी दया येऊन म्हणाला, "हे अख्खं गाणंच काढतो साहेब. अर्धवट ठेवलं तर धोका आहे."

"काढ," मी म्हणालो. "पण ते सहलीचं गाणं आहे ना, टोपल्यांचं, त्याला हात लावायचा नाही. त्यात माझी बहीण आहे."

रविवारी सभागृह भरलं. ताई पहिल्या रांगेत मधोमध, ठेवणीतले कपडे घालून, मांडीवर पर्स आणि पर्सवर दोन्ही हात. तिच्या शेजारी मी. मुख्याध्यापक तिसऱ्या रांगेत, हाताची घडी. व्यवस्थापक दाराशी, माझं हमीपत्र हातात घेऊन.

दुःख काढून घेतलेल्या सिनेमाचं काय होतं, याचा मी विचारच केला नव्हता. बाप बहिरा झाल्याचे सगळे प्रसंग कापले गेले होते, त्यामुळे तो आता बहिरा नव्हता. तो नुसताच कुणाला उत्तर देत नव्हता. मुलगी विचारायची, "बाबा, जेवलात का?" बाप खिडकीबाहेर बघायचा. लोक हसू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "किती माजोरडा आहे मेला!" आई एका गाण्यात होती आणि पुढच्या गाण्यात नव्हती, कुणीतरी मागून ओरडलं, "माहेरी गेली!" मुलगी बापाला घट्ट मिठी मारते तेवढाच भाग कापलेला, त्यामुळे ती धावत येते आणि एकदम दुसऱ्या गावात पोचते. एवढं हसणं आमच्या सभागृहाने कधी ऐकलं नव्हतं. व्यवस्थापक दाराशी समाधानाने मान डोलवत होते.

टोपल्यांचं गाणं आलं. मी ताईला कोपराने डिवचलं आणि मागे वळून मुख्याध्यापकांकडे भुवया उडवल्या. ताईने माझ्याकडे चमकून पाहिलं. "काय रे?" ती कुजबुजली.

"ऐक की!" मी म्हणालो.

"काय ऐकू?"

म्हणजे हे ते गाणं नव्हतं. पण माणूस आशेवर जगतो. अजून सहा गाणी होती. त्या प्रत्येक गाण्याला मी डोळ्याच्या कोपऱ्यातून ताईकडे बघत होतो आणि ती जराही हलत नव्हती. मग एकाएकी ती सरसावून बसली. पर्स घट्ट धरली, मान ताठ केली. पडद्यावर सभागृहाचं दृश्य आलं, बाप पुढच्या रांगेत बसला, मुलगी व्यासपीठावर आली, तिने श्वास घेतला, आणि 'समाप्त' अशी अक्षरं आली.

दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत, डोळे पुसत उठले. डोळे हसून पुसत होते. मुख्याध्यापक म्हणाले, "छान! विनोदी सिनेमा आहे, मला आठवतच नव्हतं. बाई, तुमचा आवाज कुठे होता म्हणालात?"

ताई उठली नाही. पडद्याकडे बघतच तिने विचारलं, "बारक्या, माझं गाणं कुठंय?"

"प्रत जुनी आहे, ताई," मी म्हणालो. "खराब झाली असेल तिथे."

हे वाक्य मी इतक्या सहज बोललो की मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. ताईने मान हलवली. "असेल," ती म्हणाली. "पंचावन्न वर्षं झाली. राहतंय काय एवढं." आणि पर्स उघडून ती उगाच आत काहीतरी शोधू लागली. मुख्याध्यापक पुन्हा तसंच हसले.

तेव्हा मी व्यासपीठावर गेलो. का गेलो ते विचारू नका. ध्वनिवर्धक हातात घेऊन मी सांगितलं की प्रत चांगली आहे. गाणं मी कापलं. का कापलं? कारण मी रडलो. मी सिनेमात रडतो, लहानपणापासून रडतो, आणि त्या गाण्याला सगळ्यात जास्त रडलो, म्हणूनच ते गेलं. "ताई," मी म्हणालो, "तुझा आवाज असा आहे की मी उशीत तोंड घालून..." इथे माझ्या नाकातून पुन्हा तो आवाज आला. दाराशी व्यवस्थापकांनी हमीपत्र उंच धरलं. "साहेब, सही तुमचीच आहे," ते म्हणाले.

 ताईच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. ती अर्धवट उठली.

"नेमका कुठे रडलास?"

"दुसऱ्या कडव्याला. बाप लाकडावर हात टेकवतो तिथे."

ताई पुन्हा खाली बसली. "तिथे मी नाही," ती म्हणाली. "तिथे आलापच नाही. मी तिसऱ्या कडव्यानंतर. मुलगी गाडीत बसते तिथे."

आता कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. पण आमचा व्हिडिओवाला प्रामाणिक आहे. तो शेवटच्या रांगेतून उभा राहिला आणि वही उघडून, चांगल्या हेतूने, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "तिसरं कडवं. साहेब सावरले. चहा मागितला."

घरी जाताना बायको माझ्या दोन पावलं पुढे चालत होती. फाटकापाशी ती म्हणाली, "निरोपाचं गाणं. तिसऱ्या कडव्यानंतर. लग्न होऊन आठवडा झाला होता तेव्हा वन्संनी मला सांगितलं होतं."

"अगं, मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत?"

आमच्या जिन्याला बत्तीस पायऱ्या आहेत. त्या दिवशी मी त्या पहिल्यांदा मोजल्या.

सकाळी मी व्हिडिओवाल्याला घेऊन ताईकडे गेलो. कापलेलं गाणं त्याने नीट जपून ठेवलं होतं. जाताना मी मुख्याध्यापकांच्या दारावर थाप मारून त्यांनाही बरोबर घेतलं. ते नको म्हणत होते, पण मी त्यांची बाही सोडली नाही. बायको आधीच तिथे पोचलेली. ताई रोजच्याच कपड्यात होती. ती टीव्हीसमोर बसली नाही. खुर्ची फिरवून माझ्यासमोर बसली.

"लाव," ती व्हिडिओवाल्याला म्हणाली.

तिसरं कडवं संपलं. मुलगी गाडीत बसली, चाकं फिरली आणि मागून तो आलाप आला. तीन मुली. अकरा सेकंद. ताई पडद्याकडे बघत नव्हती, माझ्या डोळ्यांकडे बघत होती. आणि माझे डोळे, जे साबणाच्या जाहिरातीलाही भरून येतात, त्या दिवशी कोरडे ठाक. मी श्वास रोखला. आईला आठवलं, वडिलांना आठवलं. काही नाही.

शेजारून हुंदका ऐकू आला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढला होता. "बाई," ते म्हणाले, "तिघींतला सगळ्यात खालचा आवाज तुमचा ना? तुम्ही बोलता त्याच आवाजात आहे तो. मी त्या दिवशी बाकावर... बाई, मी चुकलो."

"त्यांना चहा दे गं," ताई माझ्या बायकोला म्हणाली. तिने माझ्यावरची नजर काढली नाही. "पुन्हा लाव."

दुसऱ्यांदा मी चष्मा काढून डोळे चोळले. "खोटं रडतोयस," ताई म्हणाली. "पुन्हा लाव." तिसऱ्यांदा मला तो खालचा आवाज वेगळा ऐकू आला. साधा आवाज होता. शेवटाला किंचित हलत होता, सतराव्या खेपेला दमलेल्या मुलीचा हलावा तसा. हा आवाज घेऊन ती त्या दिवशी घरी आली होती, सांगत होती, आणि मी ऐकलं नव्हतं. मला फार लाज वाटली. पण लाजेने डोळ्यांत पाणी येत नाही. कान तेवढे तापतात.

चौथ्यांदा गाडीची चाकं फिरली आणि ताईलाच राहवलं नाही. माझ्याकडे बघत बघतच तिने तो आलाप उचलला. चौऱ्याहत्तर वर्षांचा आवाज. सहाव्या सेकंदाला दम संपला, पडद्यावरच्या पोरी पुढे निघून गेल्या, आणि ती ओठ तसेच उघडे ठेवून, हाताने ताल धरत, शेवटापर्यंत त्यांच्या मागून जात राहिली.

माझे डोळे घळाघळा वाहू लागले. मला थांबवता येईना. व्हिडिओवाल्याचा हात सवयीने वहीकडे गेला.

ताईने पदर पुढे केला, माझं तोंड पुसलं, जरा जोरातच पुसलं, आणि माझ्या चेहऱ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"हे धरायचं नाही," ती म्हणाली. "हे तू आत्ताच्या म्हातारीला रडलास. पुन्हा लाव."